उंचीचे पीक : कोरियातील प्योंगचांग तालुका



आमच्या वर्गात दरवर्षी एक प्रश्न हटकून येतो. खेड्यातून आलेला एखादा विद्यार्थी उठतो आणि विचारतो, "सर, डोंगरावर चढलं म्हणजे आपण सूर्याच्या जवळ जातो. मग तिथं ऊन जास्त लागायला हवं. उलट थंडी का वाजते?" बाकीची मुले हसतात. मला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. डोंगराळ मुलखातली हवा, पाणी, पीक आणि तिथल्या माणसाचे पोट, एवढे सगळे या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावलेले आहे. आज हे उत्तर आपण एका दूरच्या मुलखात जाऊन शोधू. दक्षिण कोरियातील प्योंगचांग हा तो मुलूख.

कोरिया हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले ते १९५० ते १९५३ च्या युद्धामुळे. युद्ध थांबल्यावर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताने जे सैन्य तिकडे पाठवले, त्याचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. ते सैन्य राहिले दोन कोरियांच्या सरहद्दीजवळ. आपल्याला जायचे आहे तिथून आग्नेयेला, डोंगरांत.

कोरियात 'गून' नावाचा कारभाराचा घटक असतो. तो आपल्या तालुक्यासारखा समजावा. प्योंगचांग हा गांगवॉन प्रांतातला असाच एक गून. क्षेत्र सुमारे १,४६० चौरस किलोमीटर; त्यातला बहुतेक भाग जंगलाखाली. वस्ती सुमारे ४० हजार. म्हणजे एका चौरस किलोमीटरला सत्तावीस-अठ्ठावीस माणसे. आपल्या एखाद्या मोठ्या बाजारपेठेच्या गावात मावतील एवढी माणसे, आणि ती एवढ्या डोंगरांत विखुरलेली! फेब्रुवारी २०१८ मध्ये हिवाळी ऑलिंपिकचे सामने इथे झाले, म्हणून हे नाव काहींच्या कानांवरून गेले असेल.

आता जमिनीची ठेवण पाहू. गुरुजींनी मुलांना ही एक युक्ती सांगावी : महाराष्ट्राचा नकाशा आरशासमोर धरा. आपला सह्याद्री पश्चिम किनाऱ्याला लागून आहे. समुद्राच्या बाजूला तुटलेला कडा, आणि पूर्वेला देशावर हळूहळू उतरत जाणारे पठार. कोरियातील तेबेक पर्वताची रांग नेमकी उलट, म्हणजे पूर्व किनाऱ्याला लागून आहे. तिचा पूर्वेचा उतार समुद्राकडे एकदम कोसळतो आणि पश्चिमेचा उतार ऐसपैस, लांबवर पसरत जातो. जमीन एका बाजूने उचलली जाऊन कलंडली, म्हणून ही ठेवण झाली. आपली कृष्णा अरबी समुद्राजवळ उगम पावून त्याच्याकडे पाठ फिरवते आणि बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तसेच इथल्या डोंगरांतले ओढे पूर्वेचा समुद्र हाकेच्या अंतरावर असताना पश्चिमेची वाट धरतात, हान नदीला मिळतात, राजधानी सोलवरून वाहतात आणि पीत समुद्राला जातात.

प्योंगचांग आहे या रांगेच्या घाटमाथ्यावर. तालुक्याची निम्म्याहून अधिक जमीन समुद्रसपाटीपासून ७०० मीटरपेक्षा उंच. उत्तरेला ओदेसान पर्वत. त्याचे सर्वांत उंच शिखर १,५६३ मीटर. पूर्वेच्या हद्दीवर ८३२ मीटर उंचीची डेग्वाल्योंग खिंड. ही खिंड उतरले की वीसेक किलोमीटरवर समुद्रकाठचे गांगनुंग शहर. 'ल्योंग' म्हणजे खिंड, घाट. घाटाच्या पूर्वेकडचा तो योंगदोंग आणि पश्चिमेकडचा तो योंगसॉ, असे तिथले लोक म्हणतात. आपण कोकण आणि देश म्हणतो ना, अगदी तसे. आणि कोकणी माणसाची बोली, जेवण, हवा देशावरच्या माणसाहून जशी वेगळी, तसाच फरक तिथेही.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर. डोंगर चढून आपण एक किलोमीटर जवळ गेलो, तर त्या अंतरात काय फरक पडणार? महत्त्वाची गोष्ट दुसरीच. सूर्याचे ऊन हवेला फारसे तापवत नाही. ते तापवते जमिनीला, आणि तापलेली जमीन वरच्या हवेला तापवते. चुलीवरचा तवा आधी तापतो, मग भाकरी. जमिनीवरची ही ऊबदार हवा वर चढते, तेव्हा वर हवेचा दाब कमी असल्याने ती पसरते. आणि पसरताना थंड होते. सायकलचा पंप भरताना हवा दाबली जाते आणि नळी गरम लागते, हे तुम्ही अनुभवले असेल. त्याच्या उलट ही क्रिया. ढोबळ हिशेब असा की, दर हजार मीटर चढणीला साडेसहा अंश सेल्सिअस थंडावा.

आकडे पाहिले की हे पटते. डेग्वाल्योंगची वेधशाळा साधारण पावणेआठशे मीटर उंचीवर आहे. तिथल्या वर्षाच्या तापमानाची सरासरी सुमारे ७ अंश. जानेवारीची सरासरी शून्याखाली सुमारे ७ अंश, आणि ऐन ऑगस्टमध्येही १९-२० अंशांच्या पुढे ती फारशी जात नाही. खाली गांगनुंगला जानेवारीची सरासरी शून्याच्या जरा वरच असते. अक्षांश जवळजवळ एकच, अंतर वीसेक किलोमीटर, आणि फरक आठ अंशांच्या आसपास! नुसत्या उंचीने पाच अंश पडले असते. उरलेले तीन कोठून आले? हिवाळ्यात आशिया खंडाकडून वायव्येचे बोचरे वारे येतात. ते डोंगरमाथ्याला झोडपतात. पण पूर्वेच्या किनाऱ्याला पर्वताची भिंत आडोसा देते. शिवाय भिंत ओलांडून खाली उतरणारी हवा दाबली जाऊन थोडी तापते, आणि पूर्वेचा खोल समुद्र आपली ऊब लवकर सोडत नाही. गोठ्याच्या भिंतीआड उभ्या असलेल्या गुराला वारा कमी लागतो, त्यातलाच हा प्रकार.

पावसाचेही तसेच. कोरियालाही मोसमी पाऊस आहे. जूनच्या अखेरीस तो सुरू होतो आणि जुलैभर झड लागते. त्याला तिथे 'चांगमा' म्हणतात. डेग्वाल्योंगला वर्षाकाठी सुमारे १,७०० मिलीमीटर पाणी पडते. सोलच्या मानाने हे बरेच जास्त. पाऊस मोजण्याची विद्या या देशाला जुनी आहे. राजा सेजोंगच्या कारकिर्दीत, १४४१-४२ मध्ये, एकाच मापाची पर्जन्यमापक भांडी करून ती देशभर ठेवण्यात आली होती. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वळला, की समुद्रावरची ओल घेऊन तो तेबेकच्या भिंतीवर आदळतो, वर चढतो, आणि बर्फ पडू लागते. २०१४ च्या फेब्रुवारीत गांगनुंगला मीटरभराहून जास्त बर्फ साचले होते. उन्हाळ्याच्या तोंडी हाच ईशान्येचा वारा पूर्व बाजूला ओल टाकून पश्चिमेला कोरडा आणि गरम होऊन उतरतो व पिके सुकवतो. त्या वाऱ्याला 'नोपसे' असे नाव आहे. आणि वसंतात पश्चिमेचा वारा डोंगर ओलांडून पूर्वेला उतरला, की पाळी किनाऱ्याची. तिथली राने मग कोळपून जातात, आणि एक ठिणगी पुरते. एप्रिल २०१९ मध्ये गोसॉंग-सोकचो भागात आणि एप्रिल २०२३ मध्ये गांगनुंगला वणव्यांनी घरेच्या घरे जाळली, ती याच वाऱ्यावर.

इतक्या थंड, उंच, चढउताराच्या जमिनीत माणूस जगतो कसा? भाताला पुरेशी ऊब नाही आणि सपाट जमीन थोडी. जुन्या काळी इथले गरीब लोक डोंगरउतारावरची झाडी तोडून जाळत, त्या राखेत बटाटा, मका, कुट्टू पेरत, आणि कस गेला की पुढे सरकत. या शेतीला तिथे 'ह्वाजॉन' म्हणजे आगीचे शेत म्हणतात. आपल्याकडे सह्याद्रीच्या रानात कुमरीची शेती अशीच होत असे. कोरियात १९६६ मध्ये कायदा झाला आणि पुढच्या दशकात या शेतकऱ्यांना डोंगरावरून उतरवून दुसरीकडे वसवण्यात आले. जंगल वाचले खरे. पण कित्येक कुटुंबांचे बिऱ्हाड उठले, हेही विसरू नये.

कुट्टू आपण उपवासाला खातो. थंडीत, हलक्या जमिनीत आणि थोड्या दिवसांत येणारे हे पीक. याच तालुक्यातील बोंगप्योंग गावी १९०७ मध्ये जन्मलेल्या ई ह्यो-सोक या लेखकाने १९३६ मध्ये कुट्टूच्या फुलांच्या पार्श्वभूमीवर एक कथा लिहिली. ती कोरियात घरोघरी ठाऊक आहे. गरिबाचे पीक असे साहित्यात गेले, आणि आज सप्टेंबरात त्या पांढऱ्या फुलांचे मळे पाहायला शहरातली माणसे गावात येतात.

१९७५ मध्ये सोलकडून गांगनुंगपर्यंत द्रुतगती रस्ता झाला आणि डोंगराचे दिवस पालटले. आता गंमत अशी की, जी थंडी इतकी वर्षे शाप होती, तिचाच माल झाला. कसा, ते पाहा.

कोरियन माणसाचे जेवण किमचीवाचून होत नाही. किमची म्हणजे तिखटमिठात मुरवलेली भाजी. तिला लांबट पानांचा चिनी कोबी लागतो. या कोबीला साधारण १८ ते २० अंशांची हवा मानवते. खाली मैदानात ऐन उन्हाळ्यात तो सडतो. पण डोंगरमाथ्यावर तेव्हा नेमकी तेवढीच हवा असते. म्हणजे बाजारात कोबी नसताना इथल्या शेतात कोबी तयार! दुसरे, बटाट्याचे बेणे. बटाट्याला विषाणूचे रोग होतात आणि ते पसरवतो मावा. थंड, वाऱ्याच्या जागी मावा कमी, म्हणून बेणे निरोगी. आपल्या पुणे-सातारा भागातले शेतकरी पंजाबातून बेणे आणतात, त्यामागेही मावा कमी असण्याचेच कारण आहे.

तिसरा माल तर नवलाचा. म्योंगते नावाचा समुद्रातला मासा हिवाळ्यात डोंगरावर आणून ह्वेंगग्ये गावाजवळ लाकडी मांडवांवर टांगतात. आपल्याकडे बोंबील उन्हात वाळतात. हा मासा थंडीत वाळतो. रात्री गोठतो, दिवसा जरासा वितळतो, पुन्हा गोठतो. असे तीन-चार महिने चालले, की तो पिवळसर आणि भुसभुशीत होतो. याला 'ह्वांगते' म्हणतात. युद्धाच्या वेळी उत्तरेकडून निर्वासित होऊन आलेल्या लोकांनी ही विद्या दक्षिणेत आणली. वितभर बर्फ, उणे तापमान आणि वारा, एवढ्यावर उभा राहिलेला हा धंदा आहे. तालुक्याने '७००' हा उंचीचा आकडाच आपली ओळख म्हणून मिरवला आहे. डोंगराने जणू उंचीचेच पीक काढले.

पण शेतकरी बंधूंनो, कोणतेही पीक फुकट येत नाही. उताराची जमीन नांगरली म्हणजे ती मोकळी होते. चांगमाचा पाऊस कोसळतो तो नेमका कोबी-बटाट्याच्या हंगामात. मग माती ओढ्याला लागते. काही वर्षांनी शेतात खडीच उरते, आणि बाहेरून माती आणून टाकावी लागते. आपल्या कोकणातल्या वरकस जमिनी ज्यांनी कसल्या आहेत, त्यांना हे दुःख वेगळे सांगायला नको.

वाहून गेलेली माती कुठे जाते? ही गोष्ट मन लावून ऐका. डेग्वाल्योंगच्या शेतांखाली सोंगचॉन नावाचा ओढा आहे. त्यावर १९९० च्या सुमारास दोआम नावाचे धरण झाले. आपल्या कोयनेचे पाणी स्वभावतः पूर्वेला जाणारे. ते बोगद्यातून पश्चिमेला वळवून कोकणाच्या बाजूला वीज केली. दोआमला याचेच आरशातले रूप पाहायला मिळते. पश्चिमेला जाणारे पाणी बोगद्याने पूर्वेला वळवले, आणि शेकडो मीटर खाली पाडून गांगनुंगच्या बाजूला वीज केली. योजना नामी. पण धरणात पाण्याबरोबर वरच्या शेतांतला गाळ, खत आणि गुरांच्या गोठ्यांची घाण येऊ लागली. ते गढूळ पाणी गांगनुंगच्या नदीत उतरले, तेव्हा तिथल्या लोकांनी तक्रार केली. शेवटी २००१ मध्ये ते पाणी सोडणे बंद झाले. धरण उभे, बोगदा तयार, यंत्रे जागेवर. आणि वीज बंद!

पुढे २०२५ चा उन्हाळा आला. वारे पश्चिमेकडून येत राहिले. ढगांनी आपले पाणी डोंगराच्या पश्चिम बाजूला टाकले आणि गांगनुंगवर कोरडी हवा उतरली. शहराला पाणी देणारा तलाव आटत गेला. ३० ऑगस्टला सरकारने तिथे आपत्ती जाहीर केली. घरोघरच्या पाण्याच्या मीटरची झडप तीन-चतुर्थांश बंद करण्यात आली. समुद्रकाठी राहणारी माणसे बाटल्यांतल्या पाण्यावर दिवस काढू लागली. आणि डोंगरावर, वीसेक किलोमीटरवर, दोआमचे धरण होते. चोवीस वर्षे नको म्हटलेले पाणी आता हवे झाले. वाद झाला, पाण्याची तपासणी झाली, आणि सप्टेंबरात बोगद्यात साठून राहिलेले पाणी शहराकडे सोडण्यात आले.

यात दोष कुणाला द्यायचा? वरचा शेतकरी पोटासाठी कोबी लावतो. खालचा माणूस पिण्यासाठी स्वच्छ पाणी मागतो. दोघांचेही म्हणणे खरे. पण डोंगरावर कुणाचाच हिशेब सुटा नसतो. वरच्याने सोडलेली माती खालच्याच्या पाण्यात दिसते, आणि खालच्याने हात झटकले तर वरच्याला एकट्याने उतार बांधता येत नाही. आता तिथे उतारावर वर्षावर्षाच्या पिकाऐवजी फळझाडांसारखी बरीच वर्षे टिकणारी लागवड, कोबी निघाल्यावर जमीन झाकणारे राय धान्याचे पीक, पाणी जाण्याच्या वाटेवर गवत, गाळ बसवणारी तळी, असे उपाय केले जात आहेत. उपाय जुनेच आहेत. फक्त ते एका शेतापुरते न करता सबंध ओढ्यासाठी करायचे, ही खरी अवघड गोष्ट.

दुसरी काळजी आहे ती थंडीचीच. तीही कमी होत चालली आहे. डेग्वाल्योंगची १९८१ ते २०१० या तीस वर्षांची सरासरी आणि १९९१ ते २०२० ची सरासरी यांत सुमारे अर्ध्या अंशाची वाढ दिसते. अर्धा अंश म्हणजे किती? मघाच्या हिशेबाने पाऊणशे मीटर. म्हणजे डोंगर जागेवर राहिला, पण हवेच्या हिशेबाने तो पाऊणशे मीटरने ठेंगणा झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात उष्म्याने डोंगरावरचा कोबीही होरपळला. सप्टेंबरात भाव भडकले आणि सरकारला चीनमधून कोबी आणवावा लागला. ऊबदार हिवाळ्यात मासा नीट गोठत नाही, नासतो. शिवाय कोरियाच्या समुद्रातला म्योंगते इतका घटला, की २०१९ पासून तो पकडायलाच बंदी आली. आता मासा मुख्यतः रशियाकडून येतो. सफरचंदाच्या बागा दक्षिणेकडून वर सरकत गांगवॉनच्या डोंगरांत पोहोचल्या आहेत. खालचा माणूस उष्म्याला कंटाळला तर वर जाईल. वरच्याने आणखी वर कुठे जायचे? शिखरानंतर आकाशच आहे.

गुरुजी मंडळींना जाता जाता एक प्रयोग सुचवतो. त्याला पैसा लागत नाही. दोन सारखी घमेली किंवा उथळ पेट्या घ्या. एकीत मोकळी माती भरा, दुसरीत बांधावरून काढलेली गवतासकट माती. दोन्ही सारख्याच तिरक्या ठेवा. खालच्या कडेला एकेक काचेचा ग्लास. झारीने दोन्हींवर तेवढेच पाणी घाला. मग ग्लास उजेडात धरून मुलांना पाहू द्या. पुन्हा एकदा मोकळ्या मातीत उताराला आडवे चर ओढून तेच करा. प्योंगचांगची, गांगनुंगची आणि आपल्या गावच्या ओढ्याची गोष्ट त्या तीन ग्लासांत दिसेल. शाळेच्या अंगणात सरळ उभ्या भिंतीचा डबा ठेवून पावसाळाभर रोजचे पाणी पट्टीने मोजून वहीत लिहिले, तर आणखी उत्तम. कोरियातल्या राजाने सहाशे वर्षांपूर्वी केलेले काम आपल्या शाळेतल्या मुलांना जमणार नाही, असे थोडेच आहे!

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी एवढेच सांगतो : बाबा, डोंगरावर आपण सूर्याच्या जवळ जात नाही, जमिनीच्या उबेपासून दूर जातो. तेवढ्या थोड्या अंतरानेच तिथली हवा, पीक आणि माणसाचे पोट ठरते. ते अंतर आता कमी होत आहे. तेव्हा डोंगराकडे पाहताना त्याची उंची पाहा, आणि त्याच्या पायथ्याच्या ओढ्यातल्या पाण्याचा रंगही पाहा.